तोंड उघड, बाळा

"पोरगी आपली आहे," वांजरखेडे सर फोनवर म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही. "तुम्ही आधी तिच्या बापाला गाठा. फोटो दुसऱ्या कुणाच्या हाती जाता कामा नये."

मी फोन ठेवून चहा गाळत होते तेवढ्यात दुसरा फोन आला. शेटकार सर. त्यांनी निदान 'कशा आहात' विचारलं आणि मग तेच म्हणाले. हुडग्यांची पोरगी आपली आहे, मॅडम, बापाला गाठा.

नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला होता. निलंग्याची शिवकन्या हुडगे जिल्ह्यातल्या मुलींमध्ये पहिली आली होती. लातुरात निकालाच्या दिवशी अशा पोरीचा चेहरा म्हणजे क्लासवाल्यांसाठी पुढच्या वर्षाचं पीक. शेटकार आणि वांजरखेडे, दोघंही बायोलॉजी शिकवणारे, ट्यूशन एरियात एका गल्लीच्या अंतरावर दोघांच्या इमारती, आणि दोघंही माझे क्लायंट.

मी तेव्हा दैनिकातली नोकरी सोडून स्वतंत्रपणे प्रसिद्धीचं काम करत होते. प्रेसनोट लिहायच्या, फ्लेक्सचा मजकूर द्यायचा, पत्रकारांना बोलवायचं, फोटोग्राफर सांगायचा. एका धंद्यातला एकच क्लायंट घ्यायचा, असा माझा नियम होता. वांजरखेडे सर पहिल्यापासून होते. शेटकार सर आले तेव्हा मी नाही म्हटलं होतं. पण वांजरखेड्यांकडे अकरावी-बारावीची मुलं आणि शेटकारांकडे फक्त रिपीटर, म्हणजे पहिल्या खेपेला नंबर लागला नाही म्हणून पुन्हा बसणारी. एकाची गाडी सुटलेली मुलं दुसऱ्याकडे जातात, तेव्हा तुमची टक्कर होणारच नाही, हे मीच दोघांना पटवून दिलं होतं. दोघांची परवानगीही घेतली होती. आपण किती नीटनेटकं वागतो, याचं मला फार कौतुक होतं.

आता एकच चेहरा दोघांना हवा होता. मी चहा तसाच ठेवला आणि दोघांनाही उलट फोन केले. सरळ सांगितलं की दुसरेही सर हिच्यावर हक्क सांगताहेत, मी दोघांचं काम करते, त्यामुळे या मुलीपुरतं मी कुणाचंच काम करणार नाही. तुम्ही दुसरं कुणी बघा. तुमचं त्यांना सांगणार नाही आणि त्यांचं तुम्हाला.

वांजरखेडे सर हसले. "शेटकारबी म्हणलालाय व्हय? बरं बरं." एवढंच.

शेटकार सर मऊ आवाजात म्हणाले, "वांजरखेडे सरांचा नंबर बदललाय का हो? माझ्याकडचा जुना लागत नाही."

मी दिला. नंबर काय, फ्लेक्सवर छापलेला होता.

संध्याकाळी फोन आला तेव्हा नाव वांजरखेड्यांचं दिसत होतं, पण पलीकडून हसण्याचे आवाज दोन होते. दोघं एकाच केबिनमध्ये बसून काहीतरी खात होते. तोंडात घास ठेवूनच वांजरखेड्यांनी सांगितलं की आता तुमची अडचण मिटली. उद्या सत्कार दोघांचा मिळून. फ्लेक्सवर पाया वांजरखेड्यांचा आणि शिखर शेटकारांचं, असं लिहायचं. तुम्ही आम्हाला कळवलं म्हणून जमलं, नाहीतर आम्ही वकील बघत होतो, असंही म्हणाले. मागून शेटकार सर म्हणाले, "मॅडमच्या आडनावातच जोडणं आहे, सर. डोईजोडे." आणि पुन्हा दोघं हसले.

मला किळस आली. कशाची ते तेव्हा नीट कळलं नाही, कारण तसं पाहिलं तर वाईट काही घडलं नव्हतं. भांडण मिटलं होतं आणि मी सचोटीने वागल्यामुळे मिटलं होतं. मग माझं नाही म्हणायचं कारण काय? काहीच नाही. मी रात्री प्रेसनोट लिहून टाकली आणि सकाळी हुडग्यांना सत्काराला आणायला गाडी घेऊन निलंग्याला गेले.

बसवराज हुडगे एसटीत वाहक होते. सुट्टी घेतली होती तरी अंगावर खाकी गणवेश होता, धुऊन कडक इस्त्री केलेला. सत्काराला जायचं म्हणजे चांगले कपडे घालायचे आणि त्यांच्याकडे हाच चांगला होता. घरात माणसांची ये-जा चालली होती. त्यांनी मला खुर्ची दिली आणि मी बसायच्या आत सांगून टाकलं की दोन्ही सरांचे फोन आले होते, दोघंही म्हणाले, धाकटीची काळजी सोडा, अकरावी-बारावी आमच्याकडे, एक रुपया द्यायचा नाही. धाकटी महानंदा नुकतीच दहावी झाली होती. ती नवा ड्रेस घालून, वेणीत फूल माळून दारातच उभी होती. बहिणीपेक्षा तीच जास्त तयार होती.

शिवकन्या आतल्या खोलीत होती. मी अभिनंदन केलं. ती हसली नाही.

"ताई, तुम्ही नक्की कोणत्या सरांच्या?" तिनं विचारलं.

"दोघांच्या."

"म्हणजे मी तुम्हाला काही सांगितलं तर ते दोघांना कळणार."

"नाही कळणार."

"मग तुम्ही कोणाच्याच नाही," ती म्हणाली. आणि तेवढ्यावर विश्वास ठेवून तिनं सांगायला सुरुवात केली.

ती दोघांपैकी कुणाचीच नव्हती. वांजरखेड्यांकडे होती, पण ई बॅचला, म्हणजे सगळ्यात खालच्या. बारावीच्या डिसेंबरात सरांनी भर वर्गात नावं वाचली. ज्यांची नावं वाचली त्यांनी उद्यापासून यायचं नाही. कच्ची मुलं परीक्षेआधीच गाळली की मागे उरतात त्यांचा निकाल शंभर टक्के लागतो. शिवकन्येचं नाव त्यात होतं. बसवराज दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून तसेच लातूरला आले, गळ्यात तिकिटाचं मशीन अडकवलेलं, आणि सरांच्या केबिनच्या दाराशी हात जोडून उभे राहिले. क्लास सुटेपर्यंत उभे होते. सर तीनदा त्यांच्या शेजारून आत-बाहेर गेले. एकदाही बघितलं नाही.

पहिल्या खेपेला नंबर लागला नाही, तेव्हा शेटकारांकडे तर तिला घेतलंच नव्हतं. रिपीटर बॅचला मार्क कमी पडत होते. खालच्या चौकशीच्या खिडकीतूनच परत पाठवलं. पुढे त्यांनी सगळ्यांसाठी एक मोफत सराव परीक्षा ठेवली होती, ती तिनं दिली, आणि तेव्हा अर्जाला लावलेला फोटो त्यांच्याकडे होता. आपली पोरगी म्हणायला त्यांना तेवढं पुरलं. वर्षभर ती घरी बसून शिकली.

'निकाल शंभर टक्के' हे शब्द दरवर्षी माझ्याच मजकुरात असायचे. ते टक्के कसे लागतात हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

"नको येऊ," मी म्हटलं. "ताप आलाय म्हणून सांगते."

तिनं दाराकडे पाहिलं. महानंदा तिथून आमच्याकडे बघत होती, निघायचं कधी या घाईत. "येते," शिवकन्या म्हणाली. "पण पेढा खाणार नाही."

मी तिला समजावलं की पेढा कुणी खातच नाही. त्या फोटोचं एक तंत्र असतं. भरवणाऱ्यानं पेढा ओठांपाशी नुसता धरायचा, मुलानं तोंड उघडायचं, सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. फोटो झाला की तोच पेढा पुढच्याच्या तोंडापाशी. एका पेढ्यावर अख्खा सत्कार उरकतो. हे मी गमतीनं सांगत होते, पण सांगता सांगता मलाच त्या पेढ्याची शिसारी आली.

"तोंड तर उघडावं लागतं ना?"

"हो."

"मग नाही," ती म्हणाली.

सत्कार एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता. मागे दोन्ही क्लासेसची नावं असलेला मोठा पडदा, त्यावर शिवकन्येचा सराव परीक्षेच्या अर्जावरचा फोटो ताणून मोठा केलेला. एरवी एकमेकांच्या सावलीला उभे न राहणारे दोन्ही सर आज शेजारी शेजारी सोफ्यावर होते आणि एकमेकांच्या खांद्यावर हात टाकत होते. पत्रकार आले होते. प्रत्येकाच्या हातात माझी प्रेसनोट होती. माझा नेहमीचा फोटोग्राफर खलील पुढे गुडघ्यावर बसून उजेड बघत होता.

शिवकन्येला फेटा बांधला. वांजरखेडे सर बोलले. ही पोरगी पहिल्या दिवशीच माझ्या डोळ्यात भरली होती, म्हणाले. मग शेटकार सर बोलले. खचून आली होती, मी उभी केली, म्हणाले. मी हॉलच्या कडेला उभी होते. खोटं बोलताना माणसाचा आवाज थोडा तरी बदलतो अशी माझी समजूत होती, पण यांचे आवाज भरून येत होते. शेटकारांनी तर रुमाल काढला. मला ओकारी येईल असं वाटून मी पाणी प्यायले.

मग पेढे आले. आधी वडिलांना, असं शेटकार सर म्हणाले. वांजरखेड्यांनी पेढा उचलला आणि बसवराजांच्या ओठांपाशी धरला. बसवराजांना ते तंत्र ठाऊक नव्हतं. ज्याच्या दारात हात जोडून उभे राहिले तो माणूस आज स्वतःच्या हातानं भरवत होता. त्यांनी तोंड उघडलं, अख्खा पेढा घेतला आणि डोळे मिटून खाल्ला. हॉलमध्ये हशा पिकला. खलील म्हणाला, काका, तो पुढं लागणार होता. बसवराजही सगळ्यांबरोबर हसले, तोंडावर हात धरून.

शिवकन्या हसली नाही. ती वडिलांच्या गणवेशाकडे बघत होती.

दुसरा पेढा काढला. आता दोघा सरांनी मिळून भरवायचा होता, म्हणून एक पेढा दोघांनी दोन बाजूंनी चिमटीत धरला. मोठी माणसं, आणि एका पेढ्यावर दोघांची बोटं. तो तिच्या तोंडापाशी नेला.

"तोंड उघड, बाळा," वांजरखेडे सर म्हणाले.

तिनं ओठ मिटलेलेच ठेवले.

"लाजलालीय," शेटकार सर पत्रकारांकडे बघून म्हणाले. कुणीतरी हसलं. खलील म्हणाला, फक्त एक सेकंद, बेटा. पेढा ओठांना टेकला. वांजरखेड्यांनी तो जरा दाबला. त्याचा भुगा तिच्या हनुवटीवरून फेट्याच्या शेमल्यावर सांडला. तरी ओठ मिटलेले. पहिल्या रांगेतून महानंदा हळू आवाजात म्हणाली, "ताई, उघड की."

माझ्या डोक्यात होतं की आता पुढे व्हावं आणि 'राहू द्या सर' म्हणावं. मी होते तिथंच उभी होते.

मग तिनं तोंड उघडलं.

"सर, मी कोणत्या बॅचला होते?"

पेढा तिथंच राहिला. खलीलचा कॅमेरा चालूच होता, खटाखट. वांजरखेडे सर अजून हसतच होते, कारण चेहरा कॅमेऱ्यासाठी लावलेला होता. "स्टार बॅच. दुसरी कोणती?"

"ई बॅच. डिसेंबरात तुम्ही काढून टाकलं मला. माझे आप्पा तुमच्या केबिनच्या दारात हात जोडून उभे होते, तुम्ही तीनदा शेजारून गेलात. हेच कपडे होते त्यांच्या अंगावर." मग तिनं मान वळवली. "आणि सर, तुम्ही तर मला घेतलंच नव्हतं. मी घरी शिकले."

आवाज चढलेला नव्हता. तिनं दोघांच्या बोटांतून पेढा काढून घेतला, खोक्यात परत ठेवला आणि फेटा उतरवायला लागली. त्याची गाठ तिला सुटेना, ती महानंदानं येऊन सोडवली. महानंदा रडत होती.

शेटकार सर आधी सावरले. पोरगी भावनेच्या भरात बोलली, रात्रभर झोपलेली नाही, असं त्यांनी हसत हसत सांगितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, सांभाळा."

सगळे पत्रकार माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना म्हटलं, ती प्रेसनोट परत द्या. ती बोलली ते खरं आहे, छापायचं असेल तर तेच छापा. मग दोघा सरांना सांगितलं की आजपासून मी तुमच्यापैकी कुणाचंच काम करत नाही. वांजरखेडे सर "बरं" म्हणाले आणि पत्रकारांचं जेवण आलं का, ते वेटरला विचारायला गेले. प्रेसनोट मला कुणी परत दिली नाही. जेवणाची ताटं लागली होती.

हुडगे कुटुंबाला मी माझ्या गाडीनं परत नेणार होते, पण बसवराज ऐकेनात. निलंग्याची एसटी लागलेली होती, तिनं जाऊ म्हणाले. मी स्टँडपर्यंत गेले. ओळखीच्या वाहकानं त्यांना पुढची सीट दिली. महानंदा खिडकीकडे तोंड करून बसली. तिचं काय गेलं ते तिला कळत होतं आणि बहिणीला दोषही देता येत नव्हता. बसवराज बराच वेळ गणवेशाच्या बाहीवरचा एक डाग नखानं काढत होते. मी खिडकीखाली उभी होते म्हणून मला ऐकू आलं.

"बोललीस ते चांगलं केलंस," ते शिवकन्येला म्हणाले. "पण आधी सांगायचं होतंस गं. म्हणजे मी तो पेढा खाल्ला नसता."

तिनं वडिलांचा हात धरला, बाहीसकट. गाडी सुटली आणि मी परत आले.

घरी आल्यावर मला फार हलकं वाटत होतं. दोन मोठे क्लायंट एका झटक्यात गेले होते आणि मी स्वतःवर खूश होते. उद्या सकाळी पेपरात काय येईल ते मनातल्या मनात वाचत होते. मथळासुद्धा ठरवला होता. इतकी वर्षं पेपरात काढून मी असा विचार कसा केला, ते मला आजही कळत नाही.

सकाळी पेपर आले. सगळ्यांत फोटो होता, पहिल्या पानावर. फेटा बांधलेली शिवकन्या, दोन्ही बाजूंना दोन सर हसतमुख, दोघांच्या चिमटीत पेढा, आणि पेढ्यासमोर तिचं तोंड छान उघडं.

बोलत होती ती त्या वेळी. 'ई बॅच' म्हणत होती की 'आप्पा' म्हणत होती, ते फोटोवरून कळत नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'जिल्ह्यात मुलींमध्ये प्रथम आलेल्या शिवकन्या हुडगे हिला पेढा भरवताना तिचे गुरुजन'. बातमी म्हणजे माझी प्रेसनोट होती, काना-मात्रा न बदलता. पान उलटलं की दोन्ही क्लासेसच्या पानभर जाहिराती.

मी खलीलला फोन केला. तो गोंधळला. म्हणाला, मॅडम, फोटो तर नेहमीसारखे संध्याकाळीच सगळ्यांना पाठवले. ओठ मिटलेले होते ते कुणी घेणार नाही म्हणून काढून टाकले, तोंड उघडलेले होते तेवढे ठेवले. त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं. त्याला मीच तसं शिकवलं होतं.

वांजरखेडे सरांचाही फोन आला. रागावलेले नव्हते. फोटो झकास आलाय म्हणाले, फ्लेक्सला तोच घेतलाय. काम सोडण्याचं मनावर घेऊ नका, असं मलाच समजावलं. मी फोन ठेवला आणि बेसिनपाशी जाऊन खरोखरच ओकले.

तो फ्लेक्स वर्षभर चौकात होता. धाकटीचा प्रवेश अजून आहे, असा निरोप दोघांनी हुडग्यांकडे पाठवला होता. बसवराजांनी तिला तिथं घातलं नाही. महानंदा पुढे नर्सिंगला गेली, शिवकन्या डॉक्टर झाली, असं कळलं. मला काही तिला फोन करायचं धाडस झालं नाही. मी क्लासवाल्यांचं काम पुन्हा घेतलं नाही. आता बी-बियाणांच्या दुकानांचं आणि दोन दवाखान्यांचं करते.

निकालाचे दिवस आले की पेपर अजूनही त्याच फोटोंनी भरतात. कुठलंसं पोर, फेटा, कुणाची तरी बोटं आणि पेढा. घरचे म्हणतात, किती खूश दिसतात मुलं. मी त्या उघड्या तोंडांकडे बघत बसते आणि ते पोर काय म्हणत असेल ते ओळखायचा प्रयत्न करते.